मुलाला स्वतःहून झोपू न देण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की घरावर एक संकट घोंगावू लागतं. एखाद्या रात्री ते कुणी न सांगता उठेल, दात घासेल, उद्याचं दप्तर भरेल, गादी घालेल आणि पडल्या पडल्या झोपून जाईल. एकदा का ही सवय लागली, की रात्री नऊ ते साडेदहा हा पालकत्वाचा ऐन हंगाम वाया गेला म्हणून समजा. ओरडायला निमित्त नाही, दमल्याचा पुरावा नाही, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला फोनवर सांगायला काही नाही. हे टळावं म्हणून आपल्या बहुतेक घरांत एक पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. ती कुणी लिहून काढली नव्हती, एवढंच. तिचं सूत्र सोपं आहे. झोपेची वेळ ठरवण्याचा हक्क मोठ्यांचा, ती पाळण्याची जबाबदारी मुलाची, आणि ती पाळायला जे जे लागतं, म्हणजे वेळेवरचं जेवण, अंधार, शांतता, ते सगळं पुन्हा मोठ्यांच्या ताब्यात. मुलाला जे सहज जमेल ते त्याला करू द्यायचं नाही, आणि जे त्याच्या हातातच नाही त्याचा जाब मात्र त्यालाच विचारायचा. ही दोन्ही टोकं नीट सांभाळली तर मूल दहावीत जाईपर्यंत स्वतःहून झोपायला शिकणार नाही, याची खात्री बाळगावी.

सुरुवात हिशेबाने करावी, कारण हिशेब आपल्या बाजूने आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी. सकाळच्या सत्राची शाळा सातला भरते, व्हॅनवाले काका साडेसहाला कोपऱ्यावर हॉर्न देतात, म्हणजे पावणेसहाला उठणं आलं. नऊ तास मागे मोजले की मूल रात्री पावणेनऊला झोपलेलं असायला हवं. आणि हा झाला किमान आकडा. पावणेनऊला त्या घरात काय चाललेलं असतं? क्लासहून आलेलं मूल बूट काढत असतं, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते, बाबांची गाडी अजून डोंबिवलीच्या अलीकडे असते आणि टीव्हीवर कुणाची तरी सासू कुणाच्या तरी चहात काहीतरी मिसळत असते. पहिला घास साडेनऊला. यानंतर ‘अजून झोपला नाहीस?’ हा प्रश्न मुलाला विचारायचा असतो, कुकरला नाही, हे नव्या पालकांनी ध्यानात ठेवावं.

या कामी सरकारनेही हात दिला आहे. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात, असं तत्कालीन राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुचवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासननिर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. पाचवीच्या पुढच्यांचा त्यात समावेश नाही. म्हणजे शासनाच्या लेखी चौथीनंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत, आंबे खाता खाता, मुलाची सकाळच्या झोपेची गरज संपते. शाळांच्या अडचणी असतात, दोन सत्रांना वर्ग तेवढेच असतात, हे सगळं मान्य. पण ज्या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकायला लागतं, त्याच वयाच्या उंबरठ्यावर सवलत थांबावी, एवढी अनुकूल तरतूद मागूनही मिळाली नसती.

घड्याळ पुढे सरकतं हे मात्र खरं आहे, आणि ते पालकांपासून दूर ठेवणं कठीण होत चाललं आहे. मेरी कार्स्काडन या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहावीतल्या मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. वयात येण्याच्या खुणा ज्यांच्यात पुढे गेल्या होत्या, त्यांचा कल उशिरा झोपून उशिरा उठण्याकडे अधिक होता. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन या वयापासून रात्री उशिरा स्रवू लागतं, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून पक्कं झालं. तेव्हा गेल्या वर्षी नऊला पेंगणारं मूल यंदा दहाला टक्क जागं दिसलं, तर त्यात लबाडी नसते. पालकांनी मात्र ती लबाडीच मानावी. ‘आळशी झालाय’, ‘मोबाइलचं वेड’ आणि ‘मामावर गेलाय’ ही तीन निदानं आजवर कुठल्याही घरात कमी पडलेली नाहीत. (मुलगी असेल तर आत्यावर.) उजेडाचंही तसंच. जपानमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मध्यम प्रखर उजेडाने प्राथमिक शाळेतल्या मुलांचं मेलाटोनिन प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट दबतं. ज्या ट्यूबलाइटखाली आपल्याला जांभया येतात, तिच्याखाली मूल तरतरीत राहतं. म्हणून हॉलमधली पांढरी ट्यूब शेवटपर्यंत चालू ठेवावी. ज्या घरात टीव्ही असतो त्याच खोलीत गाद्या पडत असतील तर काम आणखी सोपं: ‘तोंडावर पांघरूण घे आणि झोप’ असं सांगून मालिका पुढे पाहता येते.

या बाबतीत महाराष्ट्राला भूगोलाचीही साथ आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर बेतलेली. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने आपण ३९ मिनिटं मागे आहोत. मुंबईकरांनी ही तफावत सहजासहजी पत्करली नव्हती. प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होता. आजही मुंबईचा सूर्य कोलकात्याच्या मागून साधारण तासाभराने मावळतो, शाळेची घंटा मात्र मावळतीकडे पाहून होत नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातली आकडेवारी तपासून दाखवलं आहे, की सूर्यास्त तासभर उशिरा झाला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. कारण ती झोपायला उशिरा जातात, पण सकाळी उशिरा उठायची मुभा त्यांना नसते. हा तोटा गरीब घरांत जास्त, आणि त्याचा ओरखडा पुढे शिक्षणावरही उमटतो. आपल्या आयांनी यावर स्थानिक वेळेचा तोडगा केव्हाच काढला आहे. सव्वासहाला ‘ऊठ, सात वाजले!’ असं ओरडायचं. काही आठवड्यांत मूल आईच्या घड्याळातून पाऊण तास वजा करायला शिकतं आणि आणखी पाऊण तास लोळतं. वेळेच्या नियोजनात त्याला स्वतःच्या बळावर मिळणारा हा बहुधा पहिला धडा. तो चुकून शिकवला जातो म्हणून पद्धतीला बाधा येत नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे सूचना देण्याचं तंत्र. नवखे पालक एकदाच ‘नऊला तयारी, साडेनऊला दिवा बंद’ असं सांगून मोकळे होतात. ही घोडचूक. सगळा क्रम आधीच कळला तर मूल तो पाठ करील आणि एक दिवस आपल्याशिवाय पार पाडील. म्हणून सूचना सुट्या, एकेक करून आणि दुसऱ्या खोलीतून द्याव्यात. ‘दात घासलेस का?’ ते ब्रश हातात घेतं न घेतं तोच ‘आधी दप्तर भर’. दप्तर अर्धं भरल्यावर ‘पाणी प्यायलास का?’ आणि पाणी प्यायल्यावर ‘झोपताना एवढं पाणी पितात का?’ दप्तर शेवटी आपणच भरून द्यावं, आणि भरताना ‘इतका मोठा घोडा झालास, अजून दप्तर भरता येत नाही’ हे वाक्य उच्चारावं. वाक्य आणि कृती एकाच वेळी चालली पाहिजेत, नाहीतर परिणाम साधत नाही. दहा वाजता शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडावा. उद्याच्या प्रकल्पासाठी निळा कार्डपेपर लागणार, ही बातमी तिथे सहसा याच सुमारास येते. ग्रुप आपल्या फोनवर, संदेश आपल्याला आलेला, तो पाहिला आपण उशिरा. तरी ‘आधी सांगायला काय झालं होतं?’ हे मुलालाच विचारायचं. शेवटी दिवा मालवला, घर शांत झालं, मुलाचा श्वास संथ लागला, की दाराशी जाऊन खणखणीत आवाजात विचारावं: ‘झोपलास का?’ झोपेची खातरजमा करण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून सापडलेला नाही. उत्तर आलं तर मूल झोपलं नव्हतं हे सिद्ध होतं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं.

यावर आक्षेप येतीलच. पहिला नेहमीचा: ही स्वतंत्र झोपेची थेरं परदेशातली, तिथे पोराला पाळण्यापासून वेगळी खोली असते, आपल्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं, मूल आजीच्या कुशीत झोपतं, त्याला कसलं स्वातंत्र्य देणार? आक्षेप वजनदार वाटतो, पण त्यात खोली आणि निर्णय यांची गल्लत आहे. आजीशेजारी झोपणाऱ्या मुलाला आपली गादी आपण घालता येते, गजर आपण लावता येतो, उद्या खेळाचा गणवेश की साधा हे आपण पाहून ठेवता येतं. यातल्या कशालाही भिंत लागत नाही. उलट वेगळी खोली, तिला दार आणि दाराआड फोन असलेलं मूल ‘स्वतंत्र’ म्हणून मिरवलं जातं, आणि त्याच्या डब्यात काय द्यायचं हेसुद्धा त्याला कुणी विचारलेलं नसतं. निर्णय हातात दिला की काय होतं त्याचं एक धोकादायक उदाहरण पालकांना ठाऊक असावं. पॅट्रिक फ्रिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक साधा उपाय मांडला. झोपताना मुलाला एक कार्ड द्यायचं. ते देऊन एकदाच खोलीबाहेर येता येईल, पाणी मागता येईल, मिठी मारता येईल, मग कार्ड जमा. ज्या दोन मुलांवर तो करून पाहिला त्यांतला एक तीन वर्षांचा होता आणि दुसरा दहा. रडणं आणि सारखं बाहेर येणं, दोन्ही थांबलं. दोन मुलांवरून जगाचा कायदा बनत नाही, हे बरोबर. पण ती एक फेरी कधी आणि कशासाठी खर्च करायची हे मुलाने ठरवायचं होतं, आणि मोठ्यांनी कबूल केलेली फेरी मोठ्यांनी नाकारायची नव्हती. असलं कार्ड घरात शिरू देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि तो विनोदाने उडवता येत नाही. मुलांवर सोडलं तर ती बारा वाजेपर्यंत मोबाइल पाहतील, म्हणून वेळ पालकांनीच ठरवली पाहिजे. याला आधारही आहे: ऑस्ट्रेलियात किशोरवयीन मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची झोपेची वेळ पालक ठरवत होते ती मुलं लवकर झोपत होती, थोडी जास्त झोपत होती आणि दिवसा कमी थकलेली होती. तेव्हा वेळ मोठ्यांनी ठरवावी, यात वाद नाही. वाद आहे तो ठरवणे या क्रियेबद्दल. सोमवारी साडेनऊ, मंगळवारी पाहुणे आले म्हणून अकरा, बुधवारी मॅच म्हणून सामना संपेपर्यंत आणि गुरुवारी बाबांचं डोकं दुखतंय म्हणून पावणेनऊ, याला वेळ ठरवणं म्हणत नाहीत. हा हवामानाचा अंदाज झाला. ठरलेली वेळ घरालाही बांधते. नऊनंतर ट्यूब बंद, टीव्हीचा आवाज कमी आणि सगळ्यांचे फोन हॉलमधल्या एकाच फळीवर, असं ठरवलं तर अकरा वर्षांच्या मुलाला बाकीचं स्वतः सांभाळायला फारसं अवघड जात नाही, कारण मग पाळायला त्याच्याकडे खरोखर काहीतरी असतं. म्हणून पद्धत टिकवायची असेल तर फळीचा नियम करावा, पण आपला फोन तिच्यावर ठेवू नये. ‘माझं ऑफिसचं काम असतं’ हे कारण ग्राह्य आहे. ते सांगताना स्क्रीन मुलाकडे वळलेली नसावी.

कधी कधी इतकं करूनही मूल बिघडतं. थंडीच्या एखाद्या रात्री वीज गेलेली असते, टीव्ही बंद, वायफाय बंद, जेवण नाइलाजाने आठलाच उरकलेलं, आणि सव्वानऊला पाहावं तर पोर अंगाची मुटकुळी करून घोरतंय. घाबरून जाऊ नये. वीज आली की सगळं पूर्ववत होतं.

पद्धतीची खरी कसोटी नववी-दहावीत लागते, आणि तिथे बरेच पालक गोंधळतात. पाच वर्षं ज्या मुलाला झोप झोप म्हणून दटावलं, ते आता साडेदहाला मुकाट आडवं होतं. आणि शेजारच्या इमारतीत तर दोन वाजेपर्यंत दिवा दिसतो. इथे हुकूम फिरवायचा असतो. शब्दसुद्धा बदलावे लागत नाहीत, दाराशी उभं राहून तेच ‘झोपलास का?’ विचारायचं, फक्त पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा. जाग आणि झोप या दोन्हींतलं काहीही आपल्या मालकीचं नाही हे तोवर मुलाच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे ते वाद न घालता उठून बसतं. रात्रीच्या चहासाठी एक थर्मास मात्र आठवीच्या सुट्टीतच घेऊन ठेवावा, आणि त्यात साखर किती घालायची ते त्याला विचारू नये.