बेट भागातला खलाशी

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना समुद्र नाही हे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, पण गावात ते कुणी फारसं मनावर घेतलेलं नाही. घोड, कुकडी, भीमा, मुळा-मुठा या नद्यांच्या मधल्या जमिनीला आमच्याकडे बेटच म्हणतात. टाकळी हाजी, कवठे येमाई, जांबूत हा शिरूरचा बेट भाग. तिकडे दौंडात राहू बेट. या बेटांवर नारळाच्या बागा नाहीत, ऊस आहे. शार्क नाही, बिबट्या आहे. आणि पाणी कधी येणार हे चंद्र ठरवत नाही, पाटबंधारे खातं ठरवतं. अशा ठिकाणी वाढलेल्या एखाद्या पोराच्या डोक्यात समुद्र शिरला तर त्याला दोष कसा द्यायचा? चार-पाच गावांमागे असा एक निघतोच. गाव त्याला ‘खलाशी’ म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि त्याला ते आवडतं.

खलाशी ओळखायला सोपा. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, लग्नाचं ‘बघतायत’, नोकरी रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत आणि घरचा कांदा. पायात रबरी सँडल, गुडघ्यावर संपणारी फुलाफुलांची चड्डी. ती घालून तो डेअरीला दूध घालायला निघाला की पारावरची म्हातारी माणसं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचं पीक बघायला लागतात. गळ्यात मालवणहून आणलेली शंखशिंपल्यांची माळ. पहिल्यांदा ती घालून आला तेव्हा शेजारच्या आजींनी त्याला हात जोडले. “माळ घातलीस व्हय रं बाबा? लई बरं केलंस. आता मटान बंद ना?” घरात तीन पिढ्यांची वारी. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्या रविवारी घरच्यांनी रस्सा ओरपला आणि त्याला वरणभात मिळाला.

खलाशाची प्रत्येक मोहीम ‘सोलो’ असते. म्हणजे ठरते तेव्हा पाच जण असतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, त्याला दर्याचा फोटो लागतो, शंभरेक अंगठे पडतात. मग एकाची कांद्याची लागण निघते. दुसऱ्याच्या मेव्हण्याचा साखरपुडा त्याच तारखेला येतो. तिसऱ्याच्या चारीला नेमकं आवर्तन सुटतं आणि रात्रीची पाळी त्याची असते. चौथा आदल्या रात्रीपर्यंत “येतो की, त्यात काय!” म्हणत असतो, पहाटे त्याचा फोन बंद. उरला तो सोलो. पुण्या-मुंबईची पोरं एकट्यानं फिरण्यामागं आत्मशोध वगैरे असल्याचं सांगतात. आमच्याकडं एकटेपण गळतीनं येतं.

सॅक पुण्याच्या जुन्या बाजारातली, साठ लिटरची. वडलांना, म्हणजे आबांना, हा हिशेब आजवर कळलेला नाही. “साठ लिटर? आन् आत दूध नाय?” आत खरं काय जातं ते खलाशाच्या हातात नसतंच. इंटरनेटवर वाचून तो तीन टी-शर्ट, एक टॉर्च, एक दोरी आणि झाडांना बांधायचा जाळीचा झोपाळा काढून ठेवतो. सकाळी बघतो तर टी-शर्ट दोन झालेत आणि जागा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसूण, गुऱ्हाळावरचा गूळ आणि घरच्या काळ्या मसाल्याच्या बरणीनं घेतलीय. “तिकडं काय मिळतंय काय नाय,” असं आई म्हणते. तिकडं काय मिळतं ते पाहायलाच आपण चाललोय, हे तिला सांगण्यात अर्थ नसतो.

इथं शिरूरचा खलाशी आणि दौंडचा खलाशी यांच्यात फरक पडतो. शिरूरला रेल्वे नाही. तो बिचारा एसटीनं निघतो, वाघोलीपर्यंत त्याचा प्रवास होतो आणि वाघोलीपासून पुढं कोंडीतली तपश्चर्या. दौंडचा खलाशी जंक्शनवर वाढलेला. देशात कुठंही जायचं म्हटलं तरी ‘गाडी आपल्या इथनंच जाती’ हे त्याचं पहिलं वाक्य. कोकणातल्या माणसालाही दौंड ठाऊक असतं, “तिथं गाडी फार वेळ थांबते” या नावानं का होईना. शिरूरवाल्याच्या नशिबी तेही नाही. रत्नागिरीत कुणी गाव विचारलं आणि यानं अभिमानानं ‘शिरूर’ म्हटलं, की समोरचा खूश होतो: “म्हणजे आमच्याच लाइनीवर! भटकळच्या पुढे ना?” कोकण रेल्वेवर कर्नाटकात एक शिरूर स्टेशन आहे, हे आमच्या खलाशाला त्या क्षणी कळतं. घोडनदीचं शिरूर, रांजणगाव गणपतीजवळचं, असं समजावून सांगेपर्यंत गाडी येते.

किनाऱ्यावर त्याचा पहिला मुक्काम अलिबाग. रेवसच्या तरीवर एका खऱ्या खलाशानं त्याला भरती-ओहोटीचं गणित शिकवलेलं असतं: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. अष्टमीला चोवीस भागिले चार, सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हे ऐकून खलाशाच्या अंगावर काटा येतो. ज्या कालनिर्णयवर आई एकादश्या आणि दुधाचा हिशेब लिहिते, त्यात अख्खा समुद्र आहे! अष्टमीचा दिवस गाठून तो दुपारीच कुलाबा किल्ल्याकडं चालत निघतो, कारण ओहोटीला तिथं पायी जाता येतं. वाळू ओली, पाणी घोट्याच्या वर, पण गणितावर विश्वास: सहाला आणखी उतरणार. सहा वाजता तो किल्ल्यात असतो आणि मध्ये समुद्र. गणित बरोबर होतं. उत्तर भरतीचं होतं. होडीवाल्यानं परत आणायचे सांगितले तेवढे पैसे त्यानं घासाघीस न करता दिले. ही गोष्ट तो गावात सांगतो तेव्हा तिला ‘कुलाब्याची सुटका’ असं नाव असतं आणि होडी तिच्यात नसते.

तिथून खाली आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. खाड्या आल्या की जंगल जेटी आली; गाड्या, बैल, टेम्पो, वऱ्हाड सगळं एका फळीवरून पोटात घेऊन पलीकडं सोडणारी. दाभोळची ही फेरी 2003 साली सुरू झाली, त्याआधी गाडीवाल्याला चिपळूणकडून वळसा पडायचा. खलाशी पायी असल्यामुळं त्याला वळशाशी देणंघेणं नाही, पण तो प्रत्येक तरीवर दोनदा जातो. एकदा पलीकडं जायला आणि एकदा फुकट वाटलं म्हणून. सावित्रीच्या खाडीत कठड्याला टेकून त्याचं चिंतन सुरू होतं. ही महाबळेश्वरला उगम पावून सरळ खाली उतरते आणि समुद्राला मिळते, चार पावलांचं काम. आमची भीमा भीमाशंकरला निघते, जिथल्या कड्यावरून कोकण दिसतं, आणि तोंड फिरवून उलटी चालू लागते. वाटेत घोड, मुळा-मुठा सगळ्यांना गोळा करते, उजनीत अडते, पंढरपुरावरून रायचूरकडं कृष्णेत शिरते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. “एवढं घरासमोर असताना,” खलाशी शेजारच्या बैलवाल्याला म्हणतो, “मागच्या दारानं कशाला गेली आसंल?” बैलवाला म्हणतो, “उतार असेल.” मला स्वतःला यावर याहून चांगलं उत्तर माहीत नाही.

गणपतीपुळ्याच्या वाळूवर मात्र खलाशाचं खरं रूप बाहेर येतं. सगळे सूर्यास्ताचे फोटो काढत असतात. हा गप्प बसलेला. दुष्काळी भागातल्या माणसाला समोर पाणी दिसलं की तो त्याचं क्षेत्रफळ काढतो, तसं त्याचं चाललेलं असतं. उजनी 117 टीएमसीची, तर हे किती? पलीकडच्या काठावर कुणाचा हक्क? एक पाच एचपीची मोटार टाकली, पाइप नेला घाटापर्यंत… मग एक लाट तोंडावर येते, चव कळते आणि प्रकल्प बंद पडतो. पुढचा तासभर तो समुद्राकडं बघतो तो, एवढी मोठी इस्टेट कोर्टात अडकलेली बघावी तसा.

पोहायला त्याला येतं. विहिरीत सूर मारण्यात आणि मुटका मारून काठावरच्या सगळ्यांना भिजवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. पण विहिरीला काठ असतो आणि पाणी जिथल्या तिथं असतं. समुद्रात तो मुटका मारायला उडी घेतो तेवढ्यात खालचं पाणी निघून जातं. दुसऱ्यांदा प्रयत्न करतो तर जीवरक्षक शिट्टी मारतो. त्यात आईचे फोन. “पान्यात उतरला नाय ना?” चिंब भिजलेल्या अवस्थेत वाळूत मोबाइल धरून तो सांगतो, “नाय गं, लांबनंच बघतोय.”

रात्री नारळीच्या बागेत झोपाळा बांधायचा त्याचा बेत दरवर्षी असतो. दरवर्षी बागेची मालकीण कंदील नसला तरी बॅटरी घेऊन येते. “अहो, नारळ पडला तर इथेच राहाल कायमचे. पडवीत झोपा हो, पैसे नकोत.” जेवायचे घेते. बाई पानात सुरमई वाढते, हा बांगडा मागतो कारण तो स्वस्त, आणि मग काट्यांशी झुंज. मासा त्याला नवा नाही, पण त्याचा मासा उजनीतला चिलापी, तेलात कडक तळलेला, ज्याचा काटा दिसतो. सोलकढी तो गुलाबी ताक समजून ठेवून देतो. मग बाई आत वळली की सॅकमधली बरणी निघते आणि ओल्या नारळाच्या हळदी-मिरचीच्या कालवणात घरचा काळा मसाला पडतो. एकदा बाईंनी पाहिलं. रागावल्या नाहीत. चमचाभर हातावर घेऊन चाटलं, आणि जाताना अर्धी बरणी ठेवून घेतली. पैशातून तेवढे वजा केले.

मालवणला तो वेडा होतो ते मात्र सगळ्यांसारखा नाही. सिंधुदुर्ग म्हटल्यावर लोक तटाच्या लांबीवर, महाराजांच्या हातापायाच्या ठशांवर बोलतात. 1664 साली कुरटे बेटावर काम सुरू झालं, पायात शिसं ओतलं, हे गाइड सांगतो. खलाशी ऐकतो, मान हलवतो आणि मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींपाशी जाऊन बसतो. चहूकडं खारा समुद्र, मध्ये खडक, आणि त्यात गोडं पाणी! पाण्याला हात लावून तो गाइडला विचारतो, “किती परस खोल?” गाइडला हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. “पाणाड्या कोण होता? नारळ घेऊन चालला का काडी घेऊन?” आमच्याकडं बोअर मारण्याआधी माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरतो, तो उभा राहिला तिथं पाणी. हे इतकं तपशिलात विचारलं जातं की परतीची होडी दोनदा भोंगा मारते. घरी आल्यावर त्याला किल्ल्याबद्दल विचारा, तो विहिरीच सांगेल. आबांनी त्याच्या सगळ्या प्रवासातली हीच एक गोष्ट पूर्ण ऐकली, आणि म्हणाले, “आपल्या माळाच्या वावरात आठ बोअर कोरडं गेलं. त्या मान्साला बोलवा.” साडेतीनशे वर्षं झाली हे सांगितल्यावर खट्टू झाले.

गावात परत आल्यावर खलाशी काही महिने भाषेनं किनाऱ्यावरच असतो. कालव्याला आवर्तन सुटलं की ‘भरती आली’. बंद झालं की ‘ओहोटी’. चिंचणीच्या घोड धरणावर पोरं पोहायला निघाली की हा काठावर उभा राहून वाऱ्याची दिशा सांगतो. सिद्धटेकला गेला की पुलावर थांबून हळहळतो. पूर्वी शिरापूरकडून भाविक नावेनं भीमा ओलांडायचे, “ती मजा पुलात नाय”. पुलाअगोदर ज्यांनी पुरात ती नाव गाठलेली आहे ती माणसं यावर काही बोलत नाहीत, फक्त त्याच्याकडं पाहतात. तिथी विचारायला मात्र बायका आता त्याच्याकडे येतात. चतुर्थी कधी, हे तो तीनचतुर्थांशासह सांगतो.

असाच आमच्याकडचा एक खलाशी मध्यंतरी दौंडला मुलगी बघायला गेला. मुलीचे वडील रेल्वेत, राहणं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. शिरूरच्या मंडळींनी बागाईत, विहीर, ठिबक सगळं सांगून झालं. मग मुलाला मुलीशी बोलायला पाच मिनिटं दिली. यानं संधी साधली. रेवसपासून सुरुवात केली, जयगडची खाडी ओलांडली, जंजिऱ्याला शिडाच्या होडीत पाय कसा टाकायचा ते उभं राहून दाखवलं, तिथी गुणिले तीनही झालं. मुलगी शांतपणे ऐकत होती. शेवटी यानं विचारलं, “तुम्ही समुद्र पाहिलाय का?”

“हो,” ती म्हणाली. “बाबांना पास असतो ना. रामेश्वर, कन्याकुमारी, जगन्नाथपुरी. ओख्याहून बोटीनं बेट द्वारका. प्रत्येक सुट्टीत तेच. कपड्यांत वाळू, अंगाला चिकचिक.”

खलाशी बसला. आतून पोह्यांच्या बशा आल्या.

लग्न जमलं. आता फिरायला कुठं जायचं यावर दोन्ही घरांत खल चालू आहे. खलाशी किनाऱ्यावरच्या देवबागचं नाव अजून काढू शकलेला नाही, कारण मुलीनं पहिल्याच फोनला महाबळेश्वर सांगून टाकलंय, आणि आबांनाही ते पटलंय. निदान तिथलं पाणी गोडं आहे.