या कानाचं त्या कानाला

वस्तू पूर्ण बिघडली की माणूस सुटतो. दोन दिवस हळहळायचं, भंगारवाल्याशी घासाघीस करायची, नवी आणायची, विषय संपला. छळते ती अर्धी बिघडलेली वस्तू. तिला टाकवत नाही आणि धड वापरवतही नाही. आमचा मिक्सर फक्त दोन नंबरवर फिरतो. बाथरूमची कडी दार वर उचलून धरलं तरच बसते. टीव्हीच्या रिमोटचं आवाज कमी करायचं बटण गेलंय, वाढवायचं शाबूत आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना या सगळ्याची रीत समजावतो आणि शेवटी म्हणतो, "बाकी सगळं उत्तम चालू आहे." या उत्तम चालू मंडळींत अलीकडे माझ्या बिनवायरच्या इअरबडची भर पडली. डावा ठणठणीत. उजव्याने मौन धरलं.

मेला म्हणावं तर तसंही नाही. डबीतून काढला की त्याचा दिवा लुकलुकतो. फोनवर त्याची बॅटरी सत्तर टक्के दिसते. 'कनेक्टेड' असं एक बाई ठसक्यात सांगतेही, फक्त ती ते डाव्या कानात सांगते.

आमच्या पिढीचं दुरुस्तीशास्त्र हाताच्या पंजात मावतं. रेडिओ खरखरला की त्याच्या पाठीत, टीव्हीवर मुंग्या आल्या की त्याच्या डोक्यात. चेतक सुरू होत नसेल तर तिला एका अंगावर कलती करायची, सरळ करायची आणि मग किक. हसू नका, याने कामं व्हायची. सैल पडलेला सांधा हादऱ्याने पुन्हा टेकायचा. म्हणून मी उजव्या बडला एक टिचकी दिली. डाव्या कानातलं गाणं थांबलं. आणखी एक दिली, ते सुरू झालं. लागोपाठ दोन दिल्या तर पुढचं गाणं, तीन दिल्या तर मागचं. मग चिडून जरा दाबूनच धरलं, तर शेवटचा नंबर परत लागला. तो आमच्या साहेबांचा होता आणि वेळ रविवार दुपारची होती. नव्या वस्तूंवर हात उचलायची सोय राहिलेली नाही. त्या प्रत्येक चापटीला हुकूम समजतात.

पण या मारहाणीतून एक गोष्ट हाती लागली. उजव्याला स्पर्श कळत होता आणि त्याचा निरोप फोनपर्यंत जात होता. म्हणजे बॅटरी जिवंत, जोडणी शाबूत. दुखणं शेवटच्या अर्ध्या बोटात, आतला पडदा आणि माझा कान यांच्या मध्ये. एक बाजू गप्प झालेल्यांनी आधी एवढंच पाहावं. स्पर्शही कळत नसेल आणि फोनवर त्या बाजूच्या बॅटरीचा आकडाच येत नसेल, तर तो बहुधा डबीत उपाशी झोपतोय. डबीच्या खाचांत तळाला इवल्या धातूच्या पिना असतात. त्यांच्यावर घामाची, खिशातल्या धुळीची पुटं चढली की बड दिसायला डबीत असतो, पण चार्ज होत नाही. कोरड्या कापसाच्या काडीने त्या पिना पुसल्यावर मयत घोषित झालेले पुष्कळ बड उठून बसतात.

"कानातला मळ असेल," बायको वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली.

हा आरोप मला उद्देशून होता की बडला, हे तिने मोघम ठेवलं. मी आईचं पंचांग वाचायचं भिंग आणलं. बडच्या नाकाशी तुरीच्या डाळीएवढी धातूची जाळी असते. तिची वरची भोकं स्वच्छ, काळीभोर होती. खालच्या कडेला मात्र मधाच्या रंगाचा एक चकाकता पापुद्रा पसरला होता आणि त्यात एक रुपेरी केस आडवा रुतला होता. रुपेरी केस आमच्या घरात दोघांना आहेत, पैकी एक जण बड वापरत नाही. मी भिंग मिटवलं आणि पंचनामा तिथेच थांबवला.

सफाईची रीत अशी की मऊ, कोरडा टूथब्रश घ्यायचा, जाळीचं तोंड जमिनीकडे करायचं आणि हलकेच घासायचं, म्हणजे सुटलेला मळ खाली पडतो, आत जात नाही. टाचणी लावायची नाही, जाळी फाटते. पाणी दाखवायचं नाही. हे सगळं मी मोठ्याने वाचून दाखवत असताना आईने आपला इलाज सांगितला: "दोन थेंब कोमट तेल सोड आणि रात्रभर बोळा घालून ठेव." तिच्या लेखी कान आणि कानातलं यंत्र यांत फरक करण्याचं कारण नव्हतं. जाळी लख्ख झाली. आवाज आला नाही.

मग भाचा आला. तो संगणकाचं शिकतो, त्यामुळे आमच्या घरातल्या फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्याचा तो डॉक्टर. त्याने फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये 'सुलभता' नावाच्या कप्प्यात शिरला आणि एक आडवी पट्टी दाखवली: एका टोकाला डावा, दुसऱ्याला उजवा. ती चुकून एका बाजूला सरकली की धडधाकट बडही मुका होतो, आणि लोक बिचाऱ्या बडला शिव्या घालत बसतात. आमची पट्टी मधोमध होती. "मग मामा, त्याला विसरा," तो म्हणाला. फोनला बडची ओळख विसरायला लावायची, दोन्ही बड डबीत घालून डबीचं बटण दाबून धरायचं, दिवे वेगळ्या रंगात लुकलुकले की बडही सगळं विसरतात, फोनलाही आणि एकमेकांनाही. मग नव्याने ओळखपरेड.

"एकमेकांना कशाला विसरायचं? जन्मापासून एका डबीत आहेत," मी विचारलं. तेव्हा या जोडप्याचं आतलं राजकारण मला कळलं. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये फोन गाणं पाठवतो ते एकाच यंत्राला. दोन बड म्हणजे दोन यंत्रं. म्हणून त्यांतला एक कर्ता होतो आणि फोनशी तोच बोलतो. दुसऱ्याला तो निरोप पुढे देतो, किंवा काही कंपन्यांच्या बडमध्ये दुसरा त्या दोघांचं बोलणं भिंतीला कान लावून परस्पर ऐकतो. आता चूक झाली तर कुणी केली, हे चाळीत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. दोघांत बिनसलं की कर्ता गात राहतो आणि दुसरा कानात नुसता बसून असतो. दोन्ही कानांना थेट, स्वतंत्र प्रवाह देणारी नवी पद्धत २०२० साली जाहीर झाली. माझे बड त्याआधीच्या विचारांचे आहेत.

शिवाय मध्ये डोकं असतं. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात, त्याच शेजारात मायक्रोवेव्ह ओव्हनही नांदतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मेंदूचा सुमारे पाऊण भाग पाणी. त्यामुळे एका कानातून दुसऱ्या कानात निरोप पाठवणं हे बडला वाटतं तितकं सोपं जात नाही. ज्यांच्या बाबतीत ते सहज जातं अशी दोन-तीन माणसं आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहेत.

आणि ब्लूटूथला नाव कुणाचं दिलंय पाहा. दहाव्या शतकात हॅराल्ड नावाचा एक राजा डेन्मार्कमध्ये होऊन गेला, त्याचं टोपणनाव निळादात्या. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले, म्हणून यंत्रं जोडणाऱ्या या तंत्राला १९९७ मध्ये इंटेल कंपनीच्या जिम कार्डॅकने त्याचं नाव सुचवलं. ते तात्पुरतं होतं, पक्कं नाव नंतर ठरायचं होतं. तात्पुरत्या नावांचं काय होतं ते आपण जाणतोच; आमच्या घराण्यात साठी उलटलेले दोन 'बाळ' आहेत. दोन देश जोडणाऱ्याच्या नावाने माझे दोन कान जोडले जात नव्हते, ही हॅराल्डची चूक नव्हे.

भाच्याने तीनतीनदा विसरवून पाहिलं. डावा दरवेळी नव्याने ओळख सांगे आणि गाऊ लागे.

दरम्यान मी एका कानावर संसार करत होतो, आणि खरं सांगायचं तर जुन्या गाण्यांना त्याने काही फरक पडत नाही. 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं ते घराघरांतल्या एकाच स्पीकरमधून. तिथे डावं-उजवं नव्हतंच. बाबूजींचा आवाज एका कानातही पूर्णच्या पूर्ण येतो. घोळ स्टिरिओने केला. ॲलन ब्लमलाईन नावाचा इंग्रज इंजिनियर १९३१ च्या सुमारास होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता आणि पडद्यावरचा नट एका टोकाला असताना आवाज भलतीकडून येतो म्हणून कुरकुरला, असं सांगतात. त्याच वर्षी त्याने दोन बाजूंच्या आवाजाच्या पेटंटचा अर्ज केला. सिनेमात कुरकुरणारे नवरे आपल्याकडेही उदंड आहेत, पण पेटंटपर्यंत कुणी जात नाही. स्टिरिओच्या नव्या नवलाईत तर बीटल्सच्या पहिल्या काही तबकड्यांत गाणारे एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात कोंबलेली असत. भाच्याने मला त्यांतलं एक गाणं लावून दिलं. मी तीन मिनिटं नुसती ढोल-गिटार ऐकली आणि म्हटलं, छान आहे, पण गातात कधी? त्यावर 'सुलभता'मध्येच 'मोनो' नावाचा खटका आहे. तो दाबला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन एका कानात येतो. एकच बड उरलेल्यांना याहून मोठी मदत मिळणं नाही.

तरी समाधान होईना. शेवटी मी तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतल्या त्या बोळात विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूचा नातेवाईक सापडतो अशी आमची श्रद्धा आहे. काउंटरमागच्या पोराने बड उलटसुलट केला, आपल्या कानात घालायचं सौजन्याने टाळलं आणि म्हणाला, "काका, आतला स्पीकर गेलाय. आणि हे उघडायचं नसतं. हे फोडायचं असतं."

खरंच आहे. हे बड गोंदाने चिकटवून बंद केलेले असतात, स्क्रू म्हणून नाही. आयफिक्सिट नावाची अमेरिकेतली मंडळी नवी यंत्रं उघडून त्यांना दुरुस्तीचे गुण देतात. २०१६ साली एअरपॉड्स पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा त्यांनी दिले दहापैकी शून्य. आमच्या गणिताच्या मास्तरांनीसुद्धा कधी शून्य दिलं नाही, समास आखल्याचा एक तरी द्यायचे.

"एक उजवा सुटा मिळेल का?" मी विचारलं. पोराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बड खिशात घालून तिथूनच परत फिरलो.

सुटा मिळाला तो आमच्याच इमारतीत. बायकोने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'डावा सुस्थितीत, निर्व्यसनी, उजवा हवा.' अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले खाली आले. तीच कंपनी, तेच मॉडेल. त्यांचा डावा पावसात भिजून गेलेला, उजवा एकटा. पत्रिका इतकी जुळलेली मी अलीकडे पाहिली नव्हती. माझा काळा, त्यांचा पांढरा, पण रंगावर अडून बसायचे दिवस गेले असं दोन्ही बाजूंनी मोठ्या मनाने ठरलं. भाच्याने पौरोहित्य केलं: दोघांना एका डबीत घालून बटण दाबून धरलं, दोघेही आपापलं पूर्वायुष्य विसरले, दिवे लुकलुकले, आणि बाईने 'कनेक्टेड' म्हटलं ते दोन्ही कानांत. माझ्या बायकोने सगळ्यांना पेढा दिला.

मग नांदायचं कुठे, हा प्रश्न आला. "आमचा उजवा कायमचा खाली राहणार नाही," बँकवाल्यांच्या मिसेस म्हणाल्या. आमच्या बायकोने डबी आमची असल्याची आठवण करून दिली. पेढ्याचा घास अर्ध्यावर ठेवून वाटाघाटी झाल्या. ते सकाळी टेकडीवर फिरायला जातात, मी संध्याकाळी बसने येतो. म्हणून सकाळ त्यांची, संध्याकाळ माझी. देताना जाळी पुसून द्यायची, हे कलम त्यांच्या बाजूने आलं.

आता यात एक तांत्रिक बाब आम्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. बडला ज्या फोनची ओळख पटलेली असते तो जवळपास असला की ते विचारायला थांबत नाहीत. ब्लूटूथला दहा-एक मीटर पुरतात आणि मजल्यांमध्ये स्लॅब आहे तो बिल्डरने घातलाय तेवढाच. परवा संध्याकाळी मी घरी येऊन आरामखुर्चीत बसलो, दोन्ही कान बंद केले, आणि घंटी वाजली. माझीच समजून बडला टिचकी मारली.

"दादा," बँकवाल्यांच्या बहिणीचा आवाज दोन्ही कानांत लख्ख आला, "त्या खालच्या माणसाच्या कानातलं तू अजून आपल्या कानात घालतोस? शी! वहिनीने पुसून घेतलं तरी का?"

वर बँकवाले नुसत्या फोनमध्ये "हॅलो, हॅलो" ओरडताना ऐकू येत होते. माइकही माझ्याच कानात होता.

"हो," मी म्हटलं, "पुसून घेतलं."

"मग ठीक आहे. आवाज का असा येतोय? सर्दी झालीय का तुला?"