टॉर्ककाका

आमच्या सोसायटीतले टॉर्ककाका स्पोर्ट्स कार घेत आहेत. मी कोथरूडला राहायला आलो, तेव्हाही ते घेतच होते. तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता. आता तो नोकरीला श्टुटगार्टला आहे, म्हणजे थेट पोर्शच्या गावात. मुलगा पोर्शपर्यंत पोचला, पण वडिलांचा अभ्यास अजून चालू आहे.

टॉर्ककाका हे नाव अर्थातच पाळण्यातलं नाही. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर गिअर कापले. लिफ्टमध्ये भेटेल त्याला चौथा मजला येईपर्यंत हॉर्सपॉवर आणि टॉर्क यांतला फरक समजावून द्यायचा, हा त्यांचा नेम. "हॉर्सपॉवर ब्रोशरवर छापायला असते हो. चढावर कामाला येतो तो टॉर्क!" या वाक्याच्या धसक्याने बी विंगमधल्या बऱ्याच लोकांनी लिफ्ट सोडली, आणि त्यांची शुगर आटोक्यात आली, असं ऐकतो.

स्वतः काका चालवतात चंदेरी वॅगन आर. बसतात मात्र शर्यतीत बसल्यासारखे. पाठ ताठ, हात पावणेतीनवर, नजर लांब क्षितिजावर, आणि वेग चाळीस. कात्रजच्या घाटात एसटीसुद्धा त्यांना हॉर्न देऊन पुढे जाते. "जाऊ दे तिला," काका म्हणतात, "तिच्यात टॉर्क आहे."

ज्ञानाच्या बाबतीत मात्र काकांना ओव्हरटेक करणारा माणूस अजून जन्मायचाय. पोर्श ९११ हे नाव घेतलं की ते लगेच सुरू होतात. १९६३मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी आली ती ९०१ या नावाने. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं म्हणून प्यूजोने हरकत घेतली, आणि पोर्शने मधल्या शून्याचा एक केला. हे सांगताना काकांचा चेहरा असा असतो, की तडजोडीच्या त्या बैठकीत चहा यांनीच दिला असावा. त्या गाडीचं इंजिन मागे आणि डिकी पुढे, ही व्यवस्था मात्र त्यांना पटत नाही. "देवगडची पेटी ठेवायची कुठे? पुढे. आणि गरम होतं कोण? मागचा भाग. पेटी आणि इंजिन एकाच बाजूला असतं तर आंबे घरी येईस्तोवर पिकले असते. जर्मन माणूस हुशार, पण त्याला आढी माहीत नाही."

काकांनी गाडी घेतली नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी अनेक गाड्या जवळजवळ घेतल्या. आपल्या गोव्यात एकेकाळी सान स्टॉर्म नावाची दोन सीटची, छत काढता येणारी गाडी बनायची. फायबरची बॉडी, रेनोचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन. काकांच्या मनात ती अगदी भरली होती. इंजिन लहान म्हणजे ॲव्हरेज चांगलं, फायबर म्हणजे गंज नाही. पण मधे पावसाळा आला, दिवाळीनंतर बघू असं ठरलं, आणि होता होता गाडी बनायचीच बंद झाली. "बघा, बरं झालं घाई केली नाही!" काका म्हणाले. मग रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो निघाली, २०१५मध्ये. दिसायला साधी हॅचबॅक, आत १४५ हॉर्सपॉवर, आणि एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. महागणपतीच्या गावची गाडी, तेव्हा काकूंचीही ना नव्हती. काकांनी ब्रोशर आणलं, ते पाठ केलं, आणि फियाटने भारतातला बाजार आवरला. "बघा, बरं झालं घाई केली नाही!" दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आली आणि गेली. पुन्हा तेच. एखादी गाडी काकांना आवडली की तिच्या कंपनीने सावध राहावं, अशी परिस्थिती आहे.

शोरूममध्ये काकांना पाहण्यासारखी दुसरी करमणूक नाही. मी एकदोनदा सोबत गेलो आहे, म्हणून सांगतो. पाच हजार सीसीची व्ही-एट मस्टँग समोर उभी. शोरूमचा टायवाला मुलगा इंजिनाचा आवाज ऐकवतोय, आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढून काका विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" मुलगा जागच्या जागी दोन इंच लहान झाला.

यानंतर कसोट्या सुरू होतात. पहिली आत्या-कसोटी. साताऱ्याच्या आत्या वर्षातून दोनदा येतात, त्यांना मागच्या सीटवर बसता आलं पाहिजे. दोन सीटच्या गाडीत ही कसोटी आत्यांशिवायच निकालात निघते. दुसरी गोणी-कसोटी. पंचवीस किलो आंबेमोहोर आडवा मावला पाहिजे. तिसरी गणपती-कसोटी. मूर्ती घरी आणताना ती मांडीवर घेऊन कुणीतरी बसायला हवं. दोन सीटमध्ये काका आणि काकू बसले आणि मूर्ती काकूंच्या मांडीवर, इथवर ठीक. "पण मग 'मोरया' म्हणायला माणसं कुठे?" काकांनी विचारलं. याचं उत्तर कंपनीने मुलाला शिकवलेलं नव्हतं.

चौथी कसोटी पट्टीची. काका खिशातून मेजर टेप काढून फरशीवर आडवे होतात आणि गाडीचं पोट मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. हे काकांना माहीत आहे. आमच्या गेटातला स्पीडब्रेकर सेक्रेटरींनी उरलेल्या काँक्रीटमधून घातलाय, हेही त्यांना माहीत आहे. "सर, काही मॉडेल्सना पुढचा ॲक्सल उचलायची सोय असते," मुलगा एकदा म्हणाला, "बटण दाबलं की नाक चाळीस मिलिमीटर वर." काका उठून कपडे झटकत म्हणाले, "म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरला बटण. कर्वे रोडवरून डेक्कनला जाईस्तोवर बटण झिजेल. बदलून किती पडतं?"

वेगाबद्दलही त्यांचा हिशेब चोख. "तीन पॉइंट दोन सेकंदांत शंभर म्हणता ना? एक्स्प्रेसवेला सपाटीवर मर्यादाच शंभरची. म्हणजे टोलनाका सोडल्यावर तिसऱ्या सेकंदाला मजा संपली. उरलेले नव्वद किलोमीटर मी करायचं काय?"

या सगळ्यातून गाडी पार झालीच, तर मग मुहूर्त आडवा येतो. पंचांगातला नाही, अर्थखात्याचा. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा कर सरसकट चाळीसवर आला. काका खूश. पण लगेच म्हणाले, "आता इंग्लंडशी करार झालाय. जुलैमध्येच सह्या झाल्यात. शंभराच्या वरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने दहावर येणार, ठरावीक गाड्यांना का होईना. आत्ता घेईल तो मूर्ख!" जगातला प्रत्येक देश भारताशी करार करून मोकळा होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी आहे.

त्याच वर्षी फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली. पहिल्या खेपेला दीडशेच गाड्या, किंमत त्रेपन्न लाख, आणि बुकिंगआधी वेबसाइटवर गाडीविषयीची प्रश्नमंजूषा सोडवायची. काकांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस. सगळी उत्तरं बरोबर आली. सोसायटीत पेढे वाटले. "मग बुकिंग?" मी विचारलं. "छे! परीक्षा पास झालो म्हणून लगेच नोकरी धरायची का?"

दीडशेवरून आठवलं. २०१०मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. कंपनीकडून सूट घेतली, स्टेट बँकेकडून स्वस्त कर्ज घेतलं, आणि किल्ल्या खिशात टाकल्या. काकांपुढे हा विषय काढायचा नाही. "दीडशे माणसांनी मिळून एक गाडी नीट निवडली असती तर मी मानलं असतं," असं म्हणून ते दोन मजले जिन्याने चढून जातात.

काका कंजूष आहेत, असा कुणाचा समज व्हायचा. तसं नाही. मुलाच्या शिक्षणाला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही, आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनीच करवलं. अडचण वेगळी आहे. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मध्यमवर्गीय घरात चैनीला पुढच्या दाराने प्रवेश नाही. तिने गरजेचा दाखला आणायचा असतो. एसी येतो तो आजोबांच्या दम्यासाठी, मोठा टीव्ही येतो तो आईला लहान अक्षरं दिसत नाहीत म्हणून, आणि महाबळेश्वरला जायचं ते हवापालटासाठी. दाखला हातात पडला की मग पैशाची काही ददात नसते. स्पोर्ट्स कारला हा दाखला द्यायला तलाठी तयार होत नाही, एवढंच काकांचं दुखणं. सचिनचं उदाहरण ते नेहमी देतात. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२मध्ये त्याला फेरारी भेट मिळाली, शूमाकरच्या हातून. मग तिच्यावरची एक कोटी तेरा लाखांची ड्युटी माफ झाली, त्यावर गदारोळ उठला, आणि शेवटी ती फियाटने भरली. "साक्षात सचिनला फुकट मिळालेली गाडीसुद्धा लोकांनी पचू दिली नाही. मी तर विकत घेणार!"

हा खेळ आणखी वीस वर्षं सहज चालला असता, पण मधे काकू आल्या.

काकू बँकेतून निवृत्त झाल्या. लूना, मग कायनेटिक होंडा, मग ॲक्टिव्हा अशी त्यांची कारकीर्द, आणि कुठलंही वाहन निवडायला त्यांना एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागलेला नाही. माहेरच्या वाघोलीच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा नुकताच हातात आला होता. एका रविवारी काका एमजीची सायबरस्टर बघायला निघाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा, मीही येते. घरी बसून तरी काय करू?"

काकांनी वाटेतच आक्षेप तयार केले होते. नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं, मालक चिनी, इथला भागीदार जिंदाल. गाडी विजेची, त्यामुळे इंजिनाचा आवाज नाही. दोन सीट, छत कापडी, किंमत पंचाहत्तर लाख. आत शिरल्यावर त्यांनी टेप काढला. दरवाजे बाजूला न उघडता वर जातात, हे पाहून ते लगबगीने पार्किंगच्या छताची उंची आठवू लागले.

काकू तोवर आत बसल्या होत्या. "छत कुठल्या बटणाने जातं?" त्यांनी विचारलं. शोरूमच्या मुलाने दाखवलं. छत गेलं. काकूंनी पदर खोचला, मुलाला शेजारी बसवला आणि बाणेरच्या बाजूला एक चक्कर मारून आल्या. परत आल्या तेव्हा मुलाचे केस उभे होते आणि काकू पंचवीस वर्षांनी लहान दिसत होत्या.

"कधी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"अगं, पण आत्या?" काका म्हणाले.

"आत्या ओलाने येतील."

"गणपती?"

"पुढच्या सीटवर बसेल. पट्टा लावू."

"पण अजून तुलना झाली नाही. इंग्लंडचा करार..."

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षं मी कर्जाच्या टेबलावर होते. ज्याला खरंच गाडी घ्यायची असते, तो पहिल्यांदा व्याजदर विचारतो. तुम्ही अजून एकदाही विचारला नाहीत." आणि त्यांनी चेकबुक काढलं.

"पण कशासाठी घ्यायची?" काकांनी शेवटचं हत्यार उपसलं.

"आवडली म्हणून."

असं उत्तर त्या कुटुंबात आजवर कुणी दिलेलं नव्हतं. काका शोरूमच्या सोफ्यावर बसले ते कॉफी येईपर्यंत उठले नाहीत.

गाडी आली. बॉनेटवर हळदकुंकू लागलं, चाकाखाली लिंबू फुटलं. काकू तिच्यातून मंडईत जातात, भजनाला जातात. दरवाजे पंखांसारखे वर गेले की भजनी मंडळ टाळ बाजूला ठेवून बघत राहतं. प्रश्न उरला होता काकांचा. लोक अभिनंदन करायला येत, आणि त्यांच्याकडे दाखला नव्हता. पहिले काही दिवस ते "पेट्रोल वाचतं" एवढंच म्हणत. वॅगन आरचं पेट्रोल महिन्याला चार हजाराचं. मी हिशेब करून दिला, की या वेगाने एकशे छप्पन्न वर्षांत गाडी फुकट पडेल. काका म्हणाले, "तरी यात पेट्रोलची वाढ धरलेली नाही." पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

परवा लिफ्टमध्ये भेटले. चेहरा उजळला होता. मी टॉर्कच्या तयारीने उभा राहिलो.

"अरे, तुला म्हणून सांगतो," काका म्हणाले, "हिच्या गुडघ्यांसाठी घेतली रे गाडी."

"गुडघ्यांसाठी? काका, ती गाडी जमिनीला टेकलेली आहे. तिच्यातून उठताना मला दोन माणसं लागतील."

"तेच तर! फिजिओथेरपिस्टने रोज दहा उठाबशा सांगितल्यात. भाजी, बँक, भजन, देऊळ, पुन्हा घर. मोज, बसताना-उठताना मिळून बरोबर दहा होतात. त्या फिजिओची महिन्याची फी विचार कधीतरी, म्हणजे कळेल ही गाडी किती स्वस्त पडली ते."