चामडं इंग्रजीला, रद्दी मराठीला

अमेरिकेतल्या ईस्टन प्रेसची ‘मॉबी डिक’ देखणी असते, यात वाद नाही. अस्सल कातड्याची बांधणी, कण्यावर 22 कॅरेट सोन्याचं नक्षीकाम, पानांच्या तिन्ही कडा सोनेरी, आतून रेशमी अस्तर, खूण ठेवायला साटिनची फीत. अशी पुस्तकं आता मोबाइलवरून मागवता येतात आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावालाही पार्सल पोचतं. ज्यांच्या घरी डिकन्स, टॉलस्टॉय, जेन ऑस्टिन काचेच्या कपाटात असे ओळीनं उभे आहेत, त्यांच्याबद्दल मला आपुलकी वाटते. पुस्तकासाठी पदरचा पैसा मोजणारं माणूस दिसलं की धीर येतो. पण त्या कपाटापुढं उभं राहिलं की एक प्रश्न मी विचारतोच: यात बी. रघुनाथ कुठं आहेत?

बहुतेकांना नाव आठवावं लागतं. म्हणून सांगतो. भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म 15 ऑगस्ट 1913, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलं सातोना. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी. मृत्यू 7 सप्टेंबर 1953, वय अवघं 40. एवढ्या आयुष्यात कविता लिहिल्या, कथा लिहिल्या आणि कादंबऱ्यांची रांग लावली: ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’, आणि मृत्यूनंतर 1954 साली आलेली ‘आडगावचे चौधरी’. सरकारी भाषा उर्दू, मराठी शाळा मोजक्या, छापखाने लांब, वाचक विखुरलेला. अशा राज्यात बसून हा माणूस मराठी कादंबरी लिहीत होता. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. तोवर आपण सगळे परभणी जिल्ह्यातलेच. म्हणजे बी. रघुनाथ हे आपल्याच जिल्ह्याचे कादंबरीकार. त्यांची पहिली आवृत्ती तुमच्यापैकी किती जणांनी हातात धरली आहे?

मर्यादित आवृत्तीच्या नादाचा इतिहासही जरा बघू. 1929 साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज मेसी या माणसानं ‘लिमिटेड एडिशन्स क्लब’ काढला. वर्गणीदार ठरलेले, प्रती 1500, प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि बहुधा चित्रकाराची सही. 1935 साली त्यांनी जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ काढली, चित्रं आंरी मातीसची. मातीसनं सगळ्या प्रतींवर सही केली, जॉइसनं 250 प्रतींवर. आज ती प्रत संग्राहकांच्या स्वप्नात असते. पण मातीसनं ‘युलिसिस’ वाचलीच नव्हती. त्यानं होमरच्या ‘ओडिसी’वरून चित्रं काढून दिली. जगातल्या सर्वांत मानाच्या मर्यादित आवृत्त्यांपैकी एकीत चित्रकारानं पुस्तक उघडलेलं नाही, ही गोष्ट चामडी बांधणीच्या प्रत्येक शौकिनानं ध्यानात ठेवावी. कादंबरीला मान मिळतो तो वाचून. सोन्याची कडा त्यानंतर.

मेसीनं आकडा ठरवला आणि 1500 झाल्यावर यंत्र थांबवलं. आपल्याकडं आकडा परिस्थितीनं ठरवला. मराठी कादंबरीची आवृत्ती वर्षानुवर्षं हजार प्रतींची, आता पुष्कळदा पाचशेची नाहीतर तीनशेची. त्या हजारातल्या किती उरल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. शंकर गणेश दाते यांनी आयुष्य घालवून 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि ती 1943 साली छापली. काय छापलं गेलं ते दात्यांमुळं कळतं. त्यातलं आज कुणाच्या घरात काय शिल्लक आहे, हे कळायला काहीच साधन नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमानं येत गेली. त्या काळचे अंक कुणी जपले असतील तर त्या घरानं मोठं काम केलंय. बाकीच्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. वाळवी, कसर, गळका पत्रा आणि दिवाळीच्या तोंडावर वजनकाट्यासह दारात आलेला रद्दीवाला.

जुन्या वाचनालयातली मराठी कादंबरी हातात घेऊन बघा. मूळ मुखपृष्ठ गेलेलं, त्याजागी खाकी पुठ्ठा. कण्यावर चिकटवलेली कागदाची पट्टी आणि तिच्यावर शाईनं लिहिलेला दाखल क्रमांक. बांधणाऱ्यानं घाईनं समासातूनच आडवी तार ठोकलेली, त्यामुळं पुस्तक पुरतं उघडत नाही, वाचणारा ते दाबून उघडतो आणि तिथंच पान तुटतं. कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल पन्नास वर्षांत पानं तपकिरी करतं, मग कोपरा दुमडला तरी तुकडा हातात येतो. हे पुस्तक कुणी जाणून मारलेलं नाही. बांधणीला पैसे नव्हते, एवढंच. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान भाडं, वर्तमानपत्रं आणि ग्रंथपालाचं तुटपुंजं मानधन यातच संपतं. जुन्या पुस्तकाला दोरा ओवायला त्यात काही उरत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. चामडी बांधणीची आवड असलेल्यांनी आता एक आवृत्ती स्वतः काढावी. ‘आडगावचे चौधरी’, शंभर प्रती, क्रमांक घातलेल्या.

कायद्याची अडचण नाही. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बी. रघुनाथ 1953 ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत आलेल्या पुस्तकांचा हक्क 2013 अखेर संपला. मरणोत्तर आलेल्या पुस्तकाची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तीही सरली. आज कोणीही ही कादंबरी छापू शकतो. तरीही घरच्यांना विचारून छापावी आणि पहिल्या क्रमांकाची प्रत त्यांना नेऊन द्यावी. चित्रं काढायला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातली मुलं आहेत. अट एकच: आधी कादंबरी वाचायची. मातीसला मिळाली ती सूट इथं नाही.

कातड्याचं काय? ते तर आपल्या रानातलं काम आहे. पुस्तकाला बकरीचं कातडं सर्वांत चांगलं, मऊ आणि चिवट. ते कमवायला झाडाची साल आणि फळं लागतात. इथं एक बारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण इथंच पुस्तकाचं आयुष्य ठरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ग्रंथालयांत चामड्याची नवी बांधणी जुन्याच्या आधी कुजू लागली. कातड्याची तांबडी भुकटी बोटांना लागायची. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं समिती नेमली. तिनं 1905 पर्यंत चाचण्या करून सांगितलं की कमावण्याची पद्धत आणि गॅसच्या दिव्यांच्या धुरातलं आम्ल, दोन्ही दोषी आहेत. त्यात हिंदुस्थानातून जाणारं, तरवडाच्या सालीनं कमावलेलं कातडं पुस्तकाला वाईट ठरलं. हिरड्याच्या जातीचं टॅनिन त्यामानानं टिकाऊ. तरवड आपल्या माळावर हवा तेवढा आहे, म्हणून हात तिकडंच जाईल. जाऊ देऊ नका. हिरडा बाजारात मिळतो. कोल्हापुरी चपलेचं कातडं आजही बाभळीची साल आणि हिरडा घालूनच कमावतात, आणि त्या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या हातांनी ते साधलं, त्या हातांना पुस्तकाचं कातडं जड नाही.

बांधणी मात्र दोऱ्याचीच हवी. सोळा पानांचा फर्मा घडी करायचा, प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा, एक फर्मा दुसऱ्याला दोऱ्यानं बांधायचा, मग कण्याला खळ. खळ गव्हाच्या पिठाची, किडीसाठी तीत चिमूटभर मोरचूद. ही जुन्या बांधणीकारांची रीत आहे आणि ती जाणणारी माणसं अजून मराठवाड्यातल्या छापखान्यांच्या गल्ल्यांतून आहेत. पण त्यांच्याकडं सध्या येतात त्या वह्या, पावतीपुस्तकं आणि कोर्टाच्या फायली. त्यांच्या पुढ्यात एखादी कादंबरी ठेवून बघा, काम कसं होतं ते.

एक आक्षेप येणारच. पुस्तक म्हणजे सरस्वती, तिला चामडं लावायचं? आपल्या पोथ्या सुट्या पानांच्या, वरखाली लाकडी फळ्या, भोवती कापडी बासन. चामडं दूरच. या आक्षेपाला मी औंढ्यातूनच उत्तर देतो. इथल्याच नागनाथाच्या देवळात नामदेवांना विसोबा खेचर भेटले. नामदेवांचं कीर्तन पाठीमागं लोटलं गेलं तेव्हा देऊळच फिरलं, ही कथा आपण पोराबाळांना सांगतो आणि मागच्या बाजूचा नंदी पुरावा म्हणून दाखवतो. त्या कीर्तनात मृदंग असतो, मृदंगाला पुडी असते आणि पुडी कातड्याची असते. देवापुढं कातडं कायम वाजलं. ते कमावणारा माणूस मात्र शेकडो वर्षं दाराबाहेर उभा राहिला. तेव्हा चामड्याच्या सोवळ्याची भाषा मला ऐकवू नये. या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर मुद्रकाच्या नावाआधी दोन नावं छापावीत: कातडं कोणी कमावलं आणि पुस्तक कोणी शिवलं.

खर्च होईल. पण औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं 2023 साली तिला 2600 कोटी रुपये मंजूर केले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ या तालुक्यात येऊन राहतील. त्यांच्या सत्काराला शाल आणि नारळ आपण देऊच. बरोबर या भागातला एक कादंबरीकार, याच भागातल्या कातड्यात बांधून दिला तर आपल्याला सांगण्यासारखं काही होईल. शंभर वर्गणीदार जमवणं हिंगोली, परभणी आणि नांदेड मिळून अवघड नाही. आणि चामड्याच्या प्रत्येक प्रतीमागं साध्या कागदी बांधणीच्या दहा प्रती तालुक्याच्या वाचनालयांना व शाळांना जाव्यात. कपाटातल्या शंभर प्रतींवर लेखक जगत नाही.

ज्यांना परदेशी पुस्तकंच घ्यायची आहेत, त्यांनी घ्यावीत, फक्त डोळे उघडे ठेवून. ‘लेदर’ एवढंच लिहिलं असेल तर विचारा: संपूर्ण कातडं, की फक्त कण्यापुरतं, की कातड्याचा भुसा चिकटवून केलेला पत्रा? तो पत्रा आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तडकतो. ‘मर्यादित’ म्हटलं असेल तर एकूण प्रती किती आणि तुमची कितवी, हे छापलेलं हवं. आकडा नसेल तर तो मर्यादेचा दावा मी मानत नाही. शिलाई दोऱ्याची आहे का, हे पुस्तकाच्या मधल्या घडीत दिसतं. पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका. आणि खोबरेल किंवा कुठलंही तेल चोळू नका, ते कागदात उतरतं.

नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग यादवकालीन कोरीव दगडाचा आहे. वरचा भाग पडल्यावर तो अहिल्याबाई होळकरांच्या काळात नव्यानं बांधला गेला, असं सांगतात. जोड उघड दिसतो. जुनं होतं ते राखलं, गेलं तेवढंच नवं घातलं. जुनी कादंबरी बांधायला देताना बांधणीकाराला हेच सांगा: पान एकही कापू नको, मूळ मुखपृष्ठाचा उरलेला तुकडासुद्धा आत चिकटव, कुणाची सही किंवा वाचनालयाचा शिक्का असेल तर तो झाकू नको.

आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तोवर एक काम आजच होण्यासारखं आहे. माळ्यावरची, देवघरावरच्या फळीवरची, आजोबांच्या ट्रंकेतली पुस्तकं खाली काढा. पहिलं पान उघडून साल बघा. 1960 च्या आधीचं मराठी पुस्तक असेल तर रद्दीत देऊ नका, वेखंडाचा तुकडा घालून स्वच्छ कापडात बांधा आणि नाव, लेखक, साल एका कागदावर लिहून गावच्या वाचनालयात द्या. त्या यादीत बी. रघुनाथांची पहिली आवृत्ती निघाली, तर मला जरूर कळवा. मी बघायला येईन.