रानात आणलेलं गवत

काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या माणसाला रानातून बाहेर काय जातंय ते बघायची सवय असते. लाकूड, बांबू, असलंच काहीतरी. आमचा टेंपो उलटा, बाहेरून आत आला. त्याने ताडपत्री उचलली, हिरव्या गुंडाळ्यांवरून हात फिरवला, एक पातं ओढून पाहिलं आणि ड्रायव्हरला विचारलं,
“हे आत नेताय?”
“होय.”
“गवत?”
“होय.”
बिचाऱ्याच्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

कल्पना सूनबाईंची, पैसे चिरंजीवांचे आणि जमीन माझी. दोघं असतात बंगळुरात. नवीन घराच्या मागे अनवाणी चालता येईल असं लॉन हवं, आणि त्यात जळवा नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून टेंपोत प्लास्टिकचं गवत. आमच्या अणशी गावात हे मागणं म्हणजे पाऊस हवा पण ओला नको.

गाव राष्ट्रीय उद्यानात आलं १९८७ साली, २००७ मध्ये वाघांच्या खाती जमा झालं आणि २०१५ मध्ये प्रकल्पाला काळी नदीचं नाव मिळालं. गवताने मात्र यातल्या कुठल्याच अधिसूचनेची वाट पाहिली नाही. मृगाचे दोन शिंतोडे पडले की ते कौलांच्या सांध्यांत उगवतं, गडग्याच्या चिऱ्यांत उगवतं, पडवीत विसरलेल्या पोत्यावर उगवतं. माझ्या स्कूटरच्या फाटक्या सीटमध्ये एका श्रावणात तीन पाती आली होती. हिने ती उपटू दिली नाहीत.

त्यामुळे या प्लास्टिकच्या गवताचा इतिहास वाचला तेव्हा मला हसू आलं. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९६५ साली भलंमोठं बंदिस्त स्टेडियम उघडलं, ॲस्ट्रोडोम. छताच्या पारदर्शक तावदानांतून असा उजेड यायचा की उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. म्हणून तावदानं रंगवली. चेंडू दिसला, गवत मेलं. शेवटी १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं गवत अंथरलं आणि त्यालाच ॲस्ट्रोटर्फ म्हणू लागले. पुढे १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा असल्या मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातवा आला. म्हणजे जिथे गवत जगत नाही तिथल्यासाठी निघालेली ही वस्तू, आणि आम्ही ती आणली जिथे गवत मरत नाही तिथे.

घर उतारावर आहे, कारण अणशीत जी काही सपाट जमीन आहे ती भाताने कधीच धरून ठेवलीय. पुढच्या दाराने दोन पायऱ्या चढून आत आलेला पाहुणा मागच्या दाराशी पोचतो तेव्हा जमिनीपासून पुरुषभर उंच असतो. मागे चिऱ्यांचा गडगा घालून, भर टाकून अंगणाचे दोन टप्पे करायचे ठरले होते. पहिला झाला. दुसऱ्याच्या आधी पैशांची भर संपली, म्हणून तो अजून टप्पा व्हायच्या बेतात आहे. तोवर त्याला उतारच म्हणावं लागतं.

गवतवाला हुबळीचा. माणूस गोड. “उतार तर उलट बरा साहेब, पाणी आपोआप निघून जातं,” म्हणाला. शंभर फुटांत एक-दोन फूट उतार या गवताला मानवतो. आमच्याकडे शंभर फुटांत माणूस बसून दम खातो. त्याच्या पोरांनी माती खरवडली, खडी पसरली, वर क्रशरची भुकटी दाबली, त्यावर कापड, कापडावर गुंडाळ्या. सांधे पट्टी लावून चिकटवले. गवताला लव असते हे मला तेव्हा कळलं. ती घराकडे वळलेली असावी की दरीकडे यावर पोरांत कन्नडमध्ये बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं. शेवटी पाती उभी राहावीत म्हणून त्यांच्यात बारीक वाळू झाडूने घासून घासून बसवली.

शेजारचे बाबा गडग्यावर बसून हे सगळं पाहत होते. जातीचे कुणबी, जोयड्याच्या कंदमेळ्यात त्यांच्या मुडलीला मान. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.
“गोरवां खातलीं हें?”
“नाही.”
“मगीर कित्याक?”
मी चहा सांगायला आत गेलो.

हिचं मत वेगळं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला खळ्यातलं गवत खरवडतात, पाणी मारून माती चोपण्याने बडवतात, शेणाने सारवतात. मग भात झोडा, मिरच्या वाळवा, खाट टाकून झोपा. जूनमध्ये ते खळं पुन्हा गवताच्या हवाली करून टाकायचं. सहा महिने तुझं, सहा महिने माझं. हिला हा करार मान्य होता. प्लास्टिकने तो मोडला. वर एप्रिलच्या उन्हात ते असं तापायचं की अनवाणी चालायला फक्त मिरच्या तयार होत्या.

मग पाऊस आला. पाण्याबद्दल गवतवाल्याने अगदी खरं सांगितलं होतं. वाळूबद्दल आम्ही विचारलंच नव्हतं. ती पाण्याबरोबर निघाली आणि गडग्याच्या तळाशी शिस्तीत गोळा झाली. वरच्या बाजूची पाती आडवी झोपली, खालची गळ्यापर्यंत वाळूत पुरली गेली. जळवांना प्लास्टिक आणि दूर्वा यांत कसलाही भेदभाव करायचा नव्हता. शिवाय सांध्यांतून खरं गवत वर आलं. ते खोट्यापेक्षा थोडं फिकं होतं, त्यामुळे खोटंच खरं वाटायचं.

राहिलेलं काम रानडुकराने केलं. खालच्या ओल्या मातीत गांडुळं आहेत हे त्याला वासावरून कळलं असावं. पोरांना गुंडाळी सोडायला जितका वेळ लागला, त्याच्या निम्म्यात त्याने ती परत गुंडाळून ठेवली. कडेचा एक पट्टा फाटला. तो बाबांनी मागून नेला आणि दारात टाकला. चिखलाने भरलेले पाय दोनदा घासले की लख्ख. असं पायपुसणं वाडीने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांची भावजय सुरी घेऊनच आली. मग वरच्या घरची, मग देवळाच्या पायरीसाठी गुरव. गोठ्याच्या उंबऱ्याला एक तुकडा गेला, तेव्हा बाबांच्या पहिल्या प्रश्नाचीही परीक्षा झाली. गाईने हुंगलं आणि त्यावर पाय पुसून आत गेली.

रविवारी रेंज मिळते त्या वळणावर जाऊन आम्ही बंगळुराला फोन लावतो. सूनबाईंनी पहिल्यांदा लॉनचीच चौकशी केली.

“छान पसरलंय गं,” ही म्हणाली, “आता वाडीत सगळ्यांच्या दारापर्यंत गेलंय.”