बिनधास्त राहा, काका!

घरावर पाणी तापवायचा सोलर बसवायचा असं नुसतं ठरलं, की दोन-चार दिवसांत गच्चीवर जी व्यक्ती उगवते तिला आपण सोलरभाऊ म्हणू. त्याच्या खिशात दोन मोबाइल असतात, मोजपट्टी नसते. गच्चीचं दार उघडताच तो हात आडवा फिरवतो आणि निकाल देतो, "होऊन जाईल. दोनशे लिटर टाकू. बिनधास्त राहा, काका." काकू दिसल्या तर "वहिनी, गिझर विकून टाका" हेही ओघात येतं. घरात माणसं किती, हे त्याने विचारलेलं नसतं. त्याच्या गोदामात सध्या दोनशेची टाकी पडून असते, एवढंच. माझं म्हणणं असं की सोलर बसवणाऱ्याची लायकी त्याच्या उत्तरांवरून जोखूच नये; किंमत सांगण्याआधी तो किती प्रश्न विचारतो, ते बघावं. अस्सल सोलरभाऊला एकच प्रश्न पडतो: ॲडव्हान्स गूगल पे करणार की रोख?

प्रश्न विचारायचे कशाला, तर या यंत्रात मोटरच नसते म्हणून. तापलेलं पाणी हलकं होऊन आपल्या आपण वर टाकीत चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं. सगळा कारभार या अगदी दुबळ्या ओढीवर चालतो. त्यामुळे सोलरची टाकी नळ्यांच्या किंवा प्लेटच्या वर हवी, थंड पाण्याची टाकी तिच्याही वर हवी, आणि पाईप मध्येच उंटासारखा पाठ काढून बसता कामा नये, नाहीतर तिथे हवा अडकते. थंड टाकी खुजी असेल, तर आधी तिच्याखाली चौथरा बांधा असं सांगावं लागतं. म्हणजे खर्च वाढतो, गिऱ्हाईक बिचकतं. सोलरभाऊ कुणाला बिचकवत नाही. तोंड दक्षिणेला हवं हे त्यालाही ठाऊक असतं, पण घरातल्या आजोबांनी "दक्षिण? यमाची दिशा!" म्हटलं, की तो स्टँड पूर्वेला वळवून मोकळा होतो. ऊन काय, सगळीकडे पडतंच.

सावलीच्या बाबतीत तर त्याची प्रतिभा मे महिन्यात फुलते. पुणं साधारण १८.५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला ऐन दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि जिन्यावरच्या खोलीची सावली तिच्या पायाशीच राहते. २१ डिसेंबरला मात्र तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर जात नाही. तीन मीटर उंच खोलीची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे पावणेतीन मीटर पडते, सकाळी त्याहूनही लांब. सोलरभाऊने यंत्र नेमकं तिथेच मांडलेलं असतं, कारण पाईप कमी लागतो. मेमध्ये नळ सोडून तो चटका देणारं पाणी दाखवतो आणि घर धन्य होतं. मेमध्ये विदर्भात गच्चीवरच्या साध्या टाकीचं पाणीही चटका देतं, हे त्या घटकेला कुणाला आठवत नाही.

जाणकार माणूस बोअरचं पाणी आहे का, टँकर येतो का, हे विचारतो, कारण जड पाण्याचा क्षार प्लेटमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या कोंडून टाकतो. तिथे काचेच्या नळ्यांचा सोलर किंवा हीट एक्स्चेंजर सुचवावा लागतो. प्रेशर पंप आहे का, हेही तो विचारतो, कारण साधी टाकी तो दाब सोसत नाही. न्हाणीघर किती लांब, हेसुद्धा. पाऊण इंची पाईपच्या वीस मीटरमध्ये पाच-सहा लिटर पाणी मावतं, आणि गरम पाणी यायच्या आधी रोज तेवढं थंड पाणी बादलीत पडणार. सोलरभाऊ हे काही बोलत नाही. उलट, हवा बाहेर जायला ठेवलेल्या उभ्या पाईपमधून थेंब गळतात अशी तक्रार आली, तर तो त्यावर बूच ठोकतो. मग पाणी उपसताना आत हवा शिरत नाही आणि टाकी चेपते. त्यावरही त्याचं निदान तयार असतं: "कंपनीचा माल खराब, काका."

यावर कुणी म्हणेल, नामांकित कंपनीचा, मानकाचा शिक्का असलेला माल घेतला की झालं. बसवणारा कुणी का असेना. पण तो शिक्का कारखान्यातल्या मालाचा असतो, उतार आणि उंची गच्चीवर ठरते. दुसरा म्हणेल, आमच्या भाऊकडे सूर्यमित्रचं प्रमाणपत्र आहे. चांगलंच आहे, फक्त ते प्रशिक्षण वीज तयार करणाऱ्या पॅनेलचं असतं, नळकामाचं नव्हे. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वीस वर्षांचा अनुभवी प्लंबर निम्म्या मजुरीत तेच काम करतो. करू शकतो, आणि सोलरचे सांधे त्याला समजले असतील तर त्याच्याइतका चांगला माणूस नाही. मात्र ज्याची सगळी हयात पंपाच्या जोरावर पाणी चढवण्यात गेली, त्याला विनापंप चढणाऱ्या पाण्याचे लाड पटकन पटत नाहीत. आधी बसवलेला एखादा सोलर दाखव म्हणावं, तोही किमान दोन हिवाळे पाहिलेला.

अनुदानाचं गाजर हा सोलरभाऊचा हुकमी एक्का. पाणी तापवायच्या सोलरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. २०२४ ची सूर्यघर योजना, जिच्यात ७८,००० रुपयांपर्यंत मिळतात, ती विजेच्या पॅनेलसाठी आहे. सोलरभाऊ दोन्हींची खिचडी करून "सबसिडी आपण बघून घेऊ" म्हणतो. हा 'आपण' पैसे घेईपर्यंत दोघांचा असतो, नंतर आपल्या एकट्याचा.

तरी सगळा दोष त्याचाच, असं म्हणवत नाही. आपण फोनवर पहिलं वाक्य "कितीला बसवता?" असं टाकतो आणि प्रश्न विचारणाऱ्याला "फार चौकशा करतो बुवा" म्हणून कटवतो. सोलरभाऊ ही आपलीच मागणी आणि त्याचाच पुरवठा. तेव्हा टाकीची आणि नळ्यांची किंवा प्लेटची वॉरंटी वेगवेगळी, कागदावर लिहून घ्या, दुरुस्तीला कोण येणार त्याचं नावही लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता डिसेंबरात सकाळी साडेसहाला नळ सोडून पाहिल्यावरच द्या.