टपावर सूर्य, पोटात एसी

2021 साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चाकांवरच्या घराला सरकारदरबारी मान मिळाला. असं घर वसईतल्या उमेळ्यात उभं करायचं, तर दोनच प्रश्न उरतात: ते गल्लीत वळवायचं कसं आणि मे महिन्यात त्यात झोपायचं कसं. पहिला ड्रायव्हरवर सोडू. दुसऱ्याचं लोकप्रिय उत्तर म्हणजे टपावर सोलर, आत एसी आणि महावितरणला रामराम. उत्तर देखणं आहे. फक्त त्याला हिशेब सोसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की टप वाढत नसेल तर आधी एसीची भूक कमी करावी.

साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल सुमारे सव्वादोन मीटर लांब आणि मीटरहून थोडं जास्त रुंद असतं. एसीचा डबा सोडून टपावर अशी दोन नीट बसली तरी नशीब. आपल्याकडे एका किलोवॅटमागे चांगल्या दिवशी साधारण 4 युनिट धरतात. म्हणजे दोन्ही मिळून साडेचारच्या आसपास. 1 टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री सरासरी 500 वॅट घेतो असं धरलं, तर 8 तासांत 4 युनिट फस्त. उरल्या अर्ध्या युनिटात फ्रिज, पंखा, दिवे आणि मोबाइल यांनी आपसांत समजुतीनं घ्यायचं, तेही बॅटरीनं आपलं कमिशन कापून घेतल्यावर. मेच्या मध्यात सूर्य वसईच्या अगदी डोक्यावर येतो, आडव्या पॅनेलसाठी याहून शुभ मुहूर्त नाही. पण उकडतं पॅनेललाही: 25 अंशांपुढे तापलं की प्रत्येक अंशामागे उत्पादन टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं घटतं.

यावर कुणी म्हणेल, मोठी बॅटरी घ्या. पण तिजोरी मोठी केल्यानं पगार वाढत नाही. कुणी म्हणेल, एसी दिवसाच लावा, ऊन तेव्हाच असतं. खरं आहे, फक्त दिवसा माणसं किल्ल्यात नाही तर सुरुचीच्या किनाऱ्यावर असतात आणि गाडीतला गारवा गाडीच उपभोगते. गाडी नारळाखाली लावावी, तर एका झावळीच्या सावलीनं पॅनेलचा मोठा भाग रजेवर जातो. सावलीत पॅनेल उपाशी, उन्हात माणूस. यातून सुटायचा मार्ग एकच: पॅनेल जमिनीवर उन्हात, गाडी सावलीत आणि मध्ये लांब वायर. सोलरवर आणखी खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा.

एसीची भूक कमी करण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र हवेचा आहे. इथला उकाडा पाऱ्यापेक्षा दमटपणाचा. उष्णता अडवायला टपाला आतून कितीही जाड अस्तर लावा, ते घाम पुसत नाही. मान्य, म्हणून एसी हवाच. पण तो लहान असावा, पलंगाभोवती पडदा ओढून तेवढीच जागा गार करावी आणि 26 अंशांवर पंख्याची जोड द्यावी. 2020 पासून स्टार रेटिंगचे घरगुती एसी नियमानुसार मुळातच 24 अंशांवर सुरू होतात. तिथून 18 वर नेण्याचे कष्ट माणूस स्वखुशीनं घेतो आणि मग दुलई शोधतो. एवढं करूनही कमी पडलं, तर जागा देणाऱ्या यजमानाच्या सॉकेटमध्ये वायर लावण्यात कसला कमीपणा? निघताना विजेचे पैसे तेवढे द्यावेत. सूर्य बिल पाठवत नाही. यजमानही पाठवत नाही, पण तो लक्षात ठेवतो.